मांडूला जाताय? मग आधी तिथलं पाणी बघा

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

पावसाळा सुरू झाला की इंदूरच्या प्रत्येक मराठी घरात कुणीतरी म्हणतंच, चला मांडूला जाऊन येऊ. यंदा त्यावर इतकी पत्रं आली की ह्या वेळचा सगळा कॉलम मांडूलाच दिलाय. सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, पण सारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही सुदामानगरला राहतो. पुण्याहून नणंद, तिचे मिस्टर आणि दोन मुलं येणारेत, त्यांना मांडू दाखवायचंय. रविवारी सकाळी निघून रात्री परत असा प्लॅन आहे. प्रॉब्लेम सासूबाईंचा, वय ७४ आणि दोन्ही गुडघे दुखतात. त्या म्हणतात मी घरीच थांबते, पण त्यांचं मन आहे हे मला कळतंय. न्यावं का? आणि एका दिवसात काय काय होईल?

उत्तर : न्या हो, नक्की न्या! आणि त्यांच्यासाठीच एक रात्र मुक्काम करा. मी मांडू पहिल्यांदा बघितलं ते एका ट्रॅव्हल्सच्या बसमधून, अकराला पोचलो आणि चारला परत निघालो, तेवढ्यात नऊ ठिकाणं दाखवली, आणि आज त्यातलं मला फक्त कंडक्टरची शिट्टी आठवते. नंतर कितीतरी वर्षांनी आईला घेऊन गेले, तिचेही गुडघे असेच, तिला काही चढवत नव्हतं म्हणून आम्ही दोघी जहाज महालाच्या खालच्या कमानीत तलावाकडे तोंड करून तासभर नुसत्या बसलो, पाऊस येत होता जात होता, आणि मांडू काय आहे ते मला त्या तासात कळलं. त्यामुळे ज्यांना चढवत नाही त्यांना मांडू नाही, असं अजिबात समजू नका.

पहिली गोष्ट, रविवार टाळा. पावसाळ्यात रविवारी अर्धं इंदूर तिथे असतं, आणि मांडूत शिरायचे जुने दरवाजे इतके अरुंद की गाड्या अडकल्या की अडकल्याच. मधल्या वारी निघा. इंदूर, बेटमा, घाटाबिल्लोद, धार आणि पुढे मांडू, सगळं मिळून शंभरेक किलोमीटर, त्यातले शेवटचे ३५ धारपासून. धारला अर्धा तास थांबा. पुण्याच्या मंडळींना धारचा किल्ला मुद्दाम दाखवा, राघोबादादांच्या धावपळीच्या काळात आनंदीबाई ह्याच किल्ल्यात आश्रयाला होत्या आणि दुसरे बाजीराव १७७५ च्या जानेवारीत इथेच जन्मले. पुण्याचा शेवटचा पेशवा आपल्या माळव्यात जन्मलाय हे पुण्यातल्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं.

आता सासूबाईंचं. जहाज महालाचा खालचा मजला सपाट आहे, गच्चीवर जायचा जिना मोठा आणि उभा आहे, तो त्यांनी सोडावा, तुम्ही आळीपाळीने वर जा. माळव्याचा सुलतान होशंगशहा, त्याच्या मकबऱ्यापर्यंत सावकाश जाता येईल. शेजारच्या जामी मशिदीला पायऱ्या भरपूर आहेत आणि समोरच्या अशर्फी महालाला तर त्याहून खडतर, तिथे त्यांना बाजारात चहा पीत बसू द्या. रूपमती मंडपाला चढ आहे, तो झेपेल असं वाटत नसेल तर खाली रेवा कुंडाच्या काठावर बसवा, ती जागा मला तर वरच्याहून जास्त आवडते. नीलकंठाला आधी साठेक पायऱ्या उतरायच्या आणि मग तेवढ्याच चढायच्या, गुडघेवाल्यांनी वरूनच नमस्कार करावा. आणि सागर तलाव, तो तर गाडीत बसल्या बसल्या दिसतो, रस्ता काठाकाठाने जातो.

तिकिटं तीन ठिकाणी वेगवेगळी काढावी लागतात, जहाज महालाकडे, होशंगशहा आणि मशिदीच्या इथे, आणि रूपमतीकडे, तेव्हा सुटे पैसे ठेवा. पहिल्या दिवशी दुपारनंतर फक्त जहाज महाल करा, दुसरं काही नको. मुलं कंटाळतील असं वाटत असेल तर त्यांना हमामखान्यात, म्हणजे जुन्या शाही न्हाणीघरात न्या, छताला चांदण्यांच्या आकाराची भोकं आहेत, त्यातून उजेड खाली पडतो, मुलं तिथून हलत नाहीत.

प्रश्न : ताई, मी पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवून रिटायर झालो, आता लोकमान्यनगरला असतो. मांडू तीनदा पाहिलं. गाइड प्रेमकथा सांगतात, राजांची नावं सांगतात. मला एकच विचारायचंय, डोंगराच्या माथ्यावर, जिथे एक नदी नाही, तिथे एवढं मोठं शहर पाणी कुठून पीत होतं?

उत्तर : काका, हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी किती वर्षं वाट बघत होते! खरं म्हणजे मांडू बघायचं ते ह्याच प्रश्नाने.

जागा अशी आहे बघा. माळव्याचं पठार दक्षिणेला जिथे संपतं आणि खाली निमाड सुरू होतं, त्या विंध्याच्या कडेवर मांडू, समुद्रसपाटीपासून ६३० मीटरच्या आसपास. उरलेल्या पठारापासून त्याला काकडा खोह नावाच्या खोल दरीने तोडलंय, म्हणजे लढाईला उत्तम, आणि पाण्याला अवघड. भोवती जवळजवळ ३७ किलोमीटरची तटबंदी आणि १२ दरवाजे. जे काही पाणी ते आकाशातून चार महिन्यांत पडणार, आणि ते अडवलं नाही तर सरळ कड्यावरून निमाडात जाणार. आपल्या सह्याद्रीतल्या गडांवर टाकी खोदतात तोच हिशोब, फक्त इथे तो एका अख्ख्या राजधानीसाठी मांडलाय.

आणि तो, इथून राज्य करणाऱ्या माळव्याच्या सुलतानांच्याही आधी सुरू झालाय हे लक्षात घ्या. जहाज महालाच्या एका बाजूला कपूर तलाव आणि दुसऱ्या बाजूला मुंज तलाव. मुंज म्हणजे दहाव्या शतकातला परमार राजा वाक्पती मुंज, भोजाचा काका, तलावाला नाव त्याचं. तेव्हा ह्या जागेला मंडपदुर्ग म्हणत. म्हणजे परमारांच्या वेळेपासून इथे माणूस पाणी साठवत आलाय आणि नंतरच्या लोकांनी महाल बांधताना पाण्याची जागा आधी बघितली. जहाज महाल जहाज दिसतो ते बांधणीमुळे नाहीच, शंभर मीटरहून लांब आणि अरुंद इमारत दोन तलावांच्या मधल्या पट्टीवर उभी केली म्हणून दिसतो. उन्हाळ्यात तलाव आटले की ती नुसती लांब इमारत असते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पावसाळ्यात जा, निदान श्रावण-भाद्रपदात जा.

आता गच्चीवर चढलात की वरचं दृश्य नंतर बघा, आधी पायाखाली बघा. दगडात कोरलेली वळणावळणाची नाली आहे, गोगलगायीच्या शंखासारखी गोल गोल फिरते आणि मग हौदात उतरते. पाहुण्यांना वाटतं नक्षी आहे. नक्षी आहेच, पण पाणी वळणं घेत घेत सावकाश जातं आणि त्यात गाळ खाली बसतो, हे तुम्हाला मी काय सांगणार, तुमचं तर आयुष्य सेटलिंग टँकमध्ये गेलंय. गाइड सांगतात की वाटेत वाळू आणि कोळसाही ठेवत. तशीच गोल नाली नीलकंठालाही आहे, तिथे झऱ्याचं पाणी त्यातून कुंडात येतं, आणि लोक अजून त्यात बेलाचं पान सोडून ते वळणं घेत कसं जातं ते बघत उभे असतात.

चंपा बावडी बघितलीत ना? वरून साधी विहीर दिसते पण खालून तिला तळघरातल्या खोल्या जोडलेल्या आहेत, पाण्यावरून आलेला गार वारा त्या खोल्यांत फिरतो. मे महिन्यात माळव्यात जी लू, म्हणजे भाजून काढणारा वारा चालतो त्यात पाचशे वर्षांपूर्वी हे लोक पाण्याच्या शेजारी जमिनीखाली बसत. थोडं पुढे गदाशहाच्या दुकानापाशी उजाली बावडी आणि अंधेरी बावडी, एक उघडी आणि एक वरून झाकलेली, नावंच सगळं सांगतात.

मग दक्षिणेला रेवा कुंड. काठावर पाणी वर उचलायची आणि कमानींवरून बाजबहादूरच्या, म्हणजे मांडूच्या शेवटच्या सुलतानाच्या महालाकडे न्यायची सोय बांधलेली आहे, तिचे अवशेष उभे आहेत. आणि वर रूपमती मंडपात लोक छत्रीखाली फोटो काढायला धावतात पण इमारतीच्या पायथ्याशी एक मोठं टाकं आहे, गच्चीवर पडणारा पाऊस गाळून त्यात उतरवायचे. कड्याच्या टोकावर, जिथे विहीर खणून काही उपयोग नाही, तिथे चौकीच्या शिपायांनी प्यायचं पाणी छपरावरून गोळा केलं! आपण आता नव्या बिल्डिंगला रेन वॉटर हार्वेस्टिंग लावलं की बोर्ड लावतो.

आणि हे सगळं सांभाळलं नाही तर काय होतं तेही मांडूतच बघायला मिळतं. १६१७ साली जहांगीर बादशहा इथे येऊन राहिला, महिनेच्या महिने राहिला, शब-ए-बरातच्या रात्री तलावांच्या काठांवर आणि इमारतींवर दिवे लावून जो थाट केला त्याचं वर्णन त्याने स्वतः लिहून ठेवलंय. पण त्याच वर्षी इंग्रजांचा वकील टॉमस रो त्याच्या छावणीबरोबर मांडूत होता आणि त्याच्या रोजनिशीत उन्हाळ्यातल्या पाणीटंचाईची तक्रार आहे, माणसं पाण्यासाठी वणवण करत होती. तोपर्यंत मांडू राजधानी राहिलं नव्हतं, बरंचसं ओसाड पडलं होतं, आणि त्यात एकदम बादशाही लवाजमा येऊन उतरला. त्याच गावात, त्याच वर्षी, एका बाजूला पाण्यावर दिवे आणि दुसऱ्या बाजूला प्यायला पाणी नाही. मी ह्या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तेव्हापासून मला मांडूला गेलं की आधी तलावाची पातळी बघायची सवय लागलीय.

मागच्या भाद्रपदात कपूर तलावात वेफर्सची रिकामी पाकिटं तरंगताना बघितली आणि जीव कळवळला. काका, तुम्ही चौथ्यांदा जाल तेव्हा नातवंडांना न्या आणि गाइडच्या ऐवजी तुम्हीच दाखवा.

प्रश्न : ताई, मी वडोदऱ्याला शाळेत शिकवते, माहेर इंदूरचं. दरवर्षी मुलींची ट्रिप मांडूला नेतो. राणी रूपमती रोज नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय जेवत नसे आणि म्हणून बाजबहादूरने तो मंडप बांधला, हे मुलींना सांगावं की नाही? खरं आहे का?

उत्तर : सांगा, पण लोक असं सांगतात म्हणून सांगा. मंडप काही एका झटक्यात राणीसाठी बांधलेला नाही, मुळात ती कड्यावरून निमाडावर नजर ठेवायची लष्करी चौकी, नंतर टप्प्याटप्प्याने वाढवलेली, वरच्या छत्र्या शेवटच्या. आणि बाजबहादूरचा म्हणून जो महाल दाखवतात त्याच्या दारावर फारसी शिलालेख आहे, त्यात तो नासिरुद्दीन खिलजीने १५०८-०९ च्या सुमारास बांधल्याचं लिहिलंय, बाजबहादूर गादीवर यायच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी. तो गाण्यातला मोठा जाणकार होता, त्याने त्या महालात राहून रियाज केला असेल, बांधला मात्र नाही.

नर्मदा दिसते का, तर दिसते, हवा स्वच्छ असेल तर लांबवर चांदीच्या तारेसारखी. भर पावसाळ्यात समोर नुसतं पांढरं धुकं असतं आणि मुली हिरमुसतात, तेव्हा नर्मदेसाठी न्यायचं असेल तर पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या मागेपुढे न्या.

मुलींना शेवटही सांगा, कारण तो बहुतेक गाइड गाळतात नाहीतर मांडूतच घडला असं सांगतात. १५६१ साली अकबराचा सरदार आधमखान चालून आला, लढाई सारंगपूरजवळ झाली, बाजबहादूर हरून पळून गेला आणि रूपमती आधमखानाच्या हाती लागण्यापेक्षा विष घेऊन मेली. आणि बाजबहादूर? काही वर्षं इकडे तिकडे भटकून तो शेवटी अकबराच्याच दरबारात मनसबदार झाला. मोठ्या वर्गातल्या मुलींना हे दोन्ही शेवट शेजारी ठेवून विचार करू द्या, माझ्या मते ट्रिपमधला सगळ्यात चांगला तास तोच होईल.

प्रश्न : होशंगशहाचा मकबरा बघून ताजमहाल बांधला हे खरं का? कॉलेजात पैज लागलीय.

उत्तर : पैज कशावर लागलीय त्यावर आहे! होशंगशहा १४३५ मध्ये वारला आणि त्याचा मकबरा भारतातल्या अगदी सुरुवातीच्या संगमरवरी मकबऱ्यांपैकी आहे, ताजच्या दोनशे वर्षं आधीचा, हे खरं. शहाजहानचे वास्तुकार, त्यात उस्ताद हमीद, तिथे येऊन गेले आणि तसा लेख दारापाशी कोरला, हेही खरं. पण त्या लेखाचं साल आहे १६५९. ताज तोपर्यंत बांधून झाला होता आणि शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत होता. म्हणजे ते शिकायला आले नव्हते, आपल्या आधीच्या कारागिरांना मान द्यायला आले होते. मला विचाराल तर हे जास्त सुंदर आहे, ताज बांधून झाल्यावर त्या माणसांना मांडूच्या डोंगरावर येऊन दोन ओळी कोराव्याशा वाटल्या.

प्रश्न : आम्ही चार मित्र बाइकवर जाणार आहोत, पावसात. घरचे नाही म्हणतात. तुम्ही सांगा ना त्यांना.

उत्तर : घरचे काळजी करतात ते बरोबरच आहे. उजेडात पोचा, उजेडात परत निघा, एवढं कबूल असेल तर मी तुमच्या बाजूने. काकडा खोहच्या आसपास धुकं इतकं दाट येतं की पुढच्या बाइकचा टेललाइट दिसत नाही, तेव्हा हायबीम लावू नका, समोरचं आणखीच पांढरं होतं. दरीच्या कडेला सेल्फीसाठी थांबू नका, तिथला दगड शेवाळलेला असतो. आणि दरवाज्यांच्या आत वळण आंधळं आहे, हॉर्न वाजवूनच शिरा.

प्रश्न : ताई, तिथे खायचं काय? प्रत्येक वेळी घरून पुरी-भाजी नेतो.

उत्तर : पुरी-भाजी न्या, सकाळी निघताना पोहेही खा, पण दुपारी दाल-पानिया खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. मक्याच्या पिठाचा जाडसर गोळा पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजतात, वरून तूप आणि सोबत तिखट डाळ. आपला बाफला गव्हाचा आणि शहरी, पानिया हा इथल्या भिलांच्या घरातला, त्या धुराचा आणि पानाचा वास घरच्या ओव्हनमध्ये येत नाही, मी करून बघितलंय. वेळ लागतो, तेव्हा सकाळीच सांगून ठेवा आणि मग फिरायला जा.

रस्त्याच्या कडेला कवडीच्या रंगाची, नारळाएवढी लांबट फळं दिसतील ती मांडूची इमली. चिंचेशी तिचा काही संबंध नाही, ते गोरखचिंचेचं फळ, झाड मूळचं आफ्रिकेतलं, कधीकाळी तिकडून आलेलं आणि मांडूत इतकं रुजलं की आता गावाची ओळख झालंय. बुंधा एवढा जाड की चार-पाच जणांनी हात धरले तरी कवेत येत नाही, पावसाळ्याआधी गेलात तर झाड उलटं पुरल्यासारखं दिसतं. फळ फोडलं की आत पांढरा, कोरडा, आंबट गर, तोंडात ठेवून चघळत बसायचा, प्रवासात उलटीचा त्रास होणाऱ्यांना मी तोच देते. ऑक्टोबरात गेलात तर सीताफळं घ्या, पण विकणाऱ्या बाईशी घासाघीस करू नका हो, डोंगर उतरून चढून आणलेली असतात.

प्रश्न : वय ८१, रामबाग. कॉलेजात असताना सायकलवर मांडूला गेलो होतो, बरोबरचे आता कुणी राहिले नाहीत. मुलगा म्हणतो चला घेऊन जातो. सगळं बदललं असेल, बघून वाईट वाटेल असं वाटतं. जाऊ का?

उत्तर : आजोबा, जा. बाजार वाढलाय, हॉटेलं झालीत, रविवारी गर्दी असते, हे सगळं आहे. तुम्ही गेलात तेव्हा रस्त्यावर तुमच्या सायकलीशिवाय काही नसेल, तसं आता मिळणार नाही. पण मुलाला सांगा, जहाज महालाकडे शेवटी नेलं तरी चालेल, आधी सागर तलावाच्या काठाने रूपमतीच्या रस्त्याला गाडी सावकाश घे. डाव्या-उजव्या हाताला शेतात जुने घुमट उभे आहेत, दाईचा महाल, तिच्या धाकट्या बहिणीचा महाल, मलिक मुगीसची १४३२ ची मशीद, समोर कारवां सराई, आणि तिथे अजूनही कुणी फारसं उतरत नाही. दाईच्या महालासमोर रस्त्यावर उभं राहून हाक मारली की आवाज परत येतो. तुम्ही तेव्हा मारली असेलच. ज्यांच्याबरोबर गेला होतात त्यांची नावं घेऊन पुन्हा मारा.

स्वेटर आणि थर्मासमध्ये चहा बरोबर ठेवा, त्या बाजूला संध्याकाळनंतर टपरी उघडी सापडत नाही.